बाबांच्या पाठीवरचा पंप

आमचे बाबा सत्तरीचे झाले तरी तणनाशकाचा पंप पाठीवरून उतरवायला तयार नव्हते. पट्ट्याने उजव्या खांद्यावर घट्टा पडला होता, आणि फवारणी केली की दोन दिवस डोळे चुरचुरायचे. मी अकोल्याला शाळेत शिकवते. शनिवारी अकोटला गाडी बदलून अंजनगावजवळच्या आमच्या गावी पोचले की आधी ओसरीतला तो पंप दिसायचा आणि माझं डोकं फिरायचं.

मागच्या उन्हाळ्यात एकदाचं भांडण झालं. मी म्हटलं, कपाशीच्या दोन ओळींमध्ये दाट ताग पेरू. तो तणाला ऊन मिळू देत नाही, आणि फुलावर यायच्या आत कापून तिथेच अंथरला की उरलंसुरलं तण दबतं, जमिनीलाही खत मिळतं.

"तन माराले आनखी तनच पेरायचं?" बाबा म्हणाले. "गाव हासन."

शेवटी अट ठरली. दोन एकर माझं. पोळ्यापर्यंत तिथे तण दिसलं नाही, तर बाबांनी पंप कायमचा ठेवायचा. दिसलं, तर मी पंपाबद्दल पुन्हा तोंड उघडायचं नाही. त्यांनी मुद्दाम रस्त्याकडचं वावर दिलं, म्हणजे येणारा-जाणारा पाहील. डाव मला कळला, पण मीही त्यांचीच मुलगी.

ताग असा तरारला की त्यात कपाशी, आमच्याकडची पऱ्हाटी, शोधावी लागे. लोक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, थांबून विचारायचे, "काहून हो, यंदा पऱ्हाटी मोडली का?" बाबा ऐकू न आल्यासारखं करून बैल दुसऱ्या वावरात न्यायचे. मी मात्र वाकून पानं बाजूला करायची. खाली स्वच्छ काळी माती. केना नाही, कुंदा नाही. मला तर तिथेच नाचावंसं वाटायचं.

आणि मग मी माती खाल्ली. खरं सांगायचं तर भाजी खाल्ली.

ताग कळी दिसताच कापायचा असतो. पण तागाच्या फुलांची भाजी म्हणजे आईचा आणि माझा जीव. कांदा, लसूण, हिरवी मिरची, वरून जरासं बेसन, आणि सोबत ज्वारीची गरम भाकर. "एक आठवडा थांबू," मी फोनवर म्हटलं, आणि आईने लगेच होकार दिला. आठवड्याने आम्ही दोघींनी ओटीभर फुलं आणली. बाबांनी भाजी दोनदा मागून खाल्ली. त्याच संध्याकाळी झड लागली. आमची काळी जमीन भिजली की चपलेसकट पाय धरून ठेवते, त्यामुळे दहा-बारा दिवस वावरात शिरताच आलं नाही.

जमीन सुकली तेव्हा ताग डोक्याएवढा उंच झाला होता आणि त्याच्या सावलीत कपाशी खुरटली होती. बाबांनी एक काडी मोडून पाहिली, इतकी जून झालेली की मोडेना. मला रडूच कोसळलं. शाळेत पोरांना वेळेचं महत्त्व शिकवणारी मी जिभेपायी हरले होते.

"रडून काय रायली?" बाबा म्हणाले. "खाली तन हाय का, थे पाह्य."

तण नव्हतं. विळा घेऊन आधी बाबाच बसले. मी दोन दिवस रजा टाकली, आणि तिघांनी मिळून ताग कापून ओळींमध्ये अंथरला. एक भारा बाबांनी नाल्यात भिजत घातला. कशाला, ते काही सांगितलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदमळण असते. वर्षभर जू ओढलेल्या बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळायचे आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं निमंत्रण द्यायचं. त्या दिवशी बाबा एकटेच रस्त्याकडच्या वावरात फेरी मारून आले. मी अंगणात जीव मुठीत धरून उभी होते. त्यांनी घरातून नुकताच वळलेला तागाचा दोर आणला, पंपाला बांधला आणि पंप आढ्याला टांगला. गाठ दोनदा ओढून पाहिली.

"कापूस जरासा कमी येईन," ते म्हणाले. "पन वावर साफ हाय. पुढच्या साली तुमी मायलेकी धुऱ्यावरच्या तागाची भाजी खाजा. वावरातला म्या वेळेवर कापतो."

मला हसूही आलं आणि डोळेही भरले. आई नुकतीच बैलांचे खांदे चोळून आली होती, वाटीत थोडं हळद-तूप उरलं होतं. तिने बाबांच्या बंडीचा गळा बाजूला सारला आणि ते त्या घट्ट्यावर चोळायला लागली.

"अवो, मी काय बैल हावो का?"

"गुमान बसा," आई म्हणाली. "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."