डाळ शिजेल असं पाणी

आमची मोटार पाणी पिण्यात बैलजोडीला मागे टाकायची. जळगावात आमच्या घरी पुढच्या दोन खोल्यांत यांचा दवाखाना होता आणि आठवड्यातून तीन दिवस हे खेड्यांच्या फेरीवर जात. त्यासाठी एका वकिलांची जुनी गाडी यांनी घेतली. वर कॅनव्हासचं टप, पुढे पितळी दिवे, आणि दिव्यांच्या मध्ये रेडिएटर. त्याला आमच्याकडे सगळे जाळी म्हणत. इंजिनात तापलेलं पाणी त्या जाळीत येऊन निवतं आणि परत इंजिनात जातं, एवढं यांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं. आमच्या गाडीत ते यायचं, जायचं, निवायचं मात्र नाही. सहा-सात मैल झाले की टोपणाच्या कडेनं वाफ फुसफुसायला लागे आणि हे गाडी झाडाखाली घेत.

वास्तविक गाडीची बडदास्त यांच्याइतकी कुणी ठेवली नसेल. रोज सकाळी हे जुनं पाणी सोडून देत आणि परसातल्या विहिरीचं ताजं पाणी स्वतःच्या हातानं शेंदून भरत. मी एकदा म्हटलं, "अहो, रोज कशाला बदलायचं?" तर म्हणाले, "रोग्याला मी शिळं पाणी देतो का? मग गाडीला का द्यायचं?" डॉक्टरपुढे काय बोलणार!

माझं माहेर धुळ्याचं. धाकट्या बहिणीचा साखरपुडा ठरला तेव्हा आम्ही मोटारीनं जायचं ठरवलं. सगळ्यांनी आगगाडीनं जा म्हणून सांगितलं, पण माहेरच्या दारात स्वतःच्या मोटारीतून उतरायची मला कोण हौस! चैत्राचे दिवस होते. मी मोतिया रंगाचं रेशमी लुगडं नेसले, मांडीवर पेढ्यांचा डबा घेतला आणि पहाटेच निघालो. एरंडोलपर्यंत तीनदा थांबलो. एरंडोल सोडून पारोळ्याच्या वाटेला लागलो तर गाडीनं असा आवाज काढला की माझ्या मांडीवरचा डबा खाली घसरला.

शेजारी मळा होता, मळ्यात विहीर होती. हे उतरले. घाई झालेली, म्हणून निवायची वाट न पाहता यांनी ओलं फडकं घेऊन टोपण फिरवलं. मी नेमकी जवळ उभी. टोपण उडालं आणि तांबड्या पाण्याचा फवारा हातभर वर गेला. यांनी मला मागे ओढलं म्हणून भाजण्यापासून वाचले, पण लुगड्यावर वरपासून खालपर्यंत तांबडे शिंतोडे. पाणी कसलं, विटेचा कालवलेला चुराच तो.

मळ्यातली बाई धावत आली. चाळिशीची असेल, हातात खुरपं तसंच. आधी तिनं मला निरखून पाहिलं, कुठे भाजलं नाही याची खात्री केली आणि मग गाडीकडे वळली.

"गाडीले काय व्हयनं, बाई?"

"तहान लागली तिला," मी म्हटलं. "तुमच्या विहिरीचं पाणी घेऊ का?"

"घ्या ना. पन हाई पानी खारं शे. ह्या पानीमा डाय शिजत नही. आम्ही रांधाले वढानं पानी लयतस." असं म्हणून तिनं झोपडीतला ओढ्याच्या पाण्याचा हंडा उचलून आणला आणि गाडीपुढे ठेवला. पिण्याचं, रांधण्याचं पाणी तिनं सगळंच्या सगळं आमच्या मोटारीला दिलं. मी पेढ्यांचा डबा उघडून तिच्या ओंजळीत पेढे ठेवले. साखरपुड्याआधीच वाटले गेले ते पेढे.

धुळ्याला पोचलो तेव्हा साखरपुडा उरकला होता आणि व्याही मंडळी दुसऱ्या पंगतीत ताक पीत होती. माझं लुगडं पाहून आई घाबरली. बहीण मात्र इतकी हसली की तिच्या सासूबाई चमकून बघायला लागल्या. तांबडे डाग लिंबानं, ताकानं, कशानंच गेले नाहीत.

पण माझ्या डोक्यात त्या बाईचं वाक्य घर करून राहिलं. ह्या पाण्यात डाळ शिजत नाही. आमच्या परसातल्या विहिरीचं पाणी तसंच! आम्ही ते फक्त धुण्याभांड्याला आणि आंघोळीला वापरत असू. स्वयंपाकाला मेहरूणच्या तलावाचं पाणी येई. विहिरीच्या पाण्यानं आंघोळीच्या बंबात आतून पांढरा जाड थर धरायचा आणि मग पाणी तापता तापत नसे. दर दोन महिन्यांनी चिंचेचं पाणी घालून मी तो थर काढत असे. परतल्यावर मी यांना म्हटलं, "अहो, तुमची जाळी आतून आपल्या बंबासारखी झाली असेल. थर बसला तर पाणी निवणार कसं?"

 हे कपाळावर हात मारून म्हणाले, "रसायनशास्त्रात पहिला आलो होतो मी. जड पाणी, मृदू पाणी, सगळं पाठ होतं. आणि रोज ताजा क्षार स्वतःच्या हातानं भरत होतो!"

खात्री म्हणून मी दोन पातेल्यांत मूठ मूठ तूरडाळ लावली. एकात विहिरीचं पाणी, एकात तलावाचं. तलावाच्या पाण्यातली डाळ लोण्यासारखी घोटली गेली आणि विहिरीच्या पाण्यातली दाताखाली वाटाण्यासारखी कडकड वाजली. यांनी दोन्ही चाखल्या आणि लगेच चिंच भिजवायला सांगितलं.

इथे माझी चूक झाली. बंबाला तासभर चिंच पुरते. गाडीचा थर जुना, म्हणून मी दोन दिवस राहू द्या म्हटलं. तिसऱ्या दिवशी पाणी सोडलं तर आतून पांढऱ्या कपच्या आणि गंजाचा चिखल असं घमेलंभर निघालं. आम्ही आनंदात स्वच्छ पाणी भरलं आणि जाळी नऊ ठिकाणांहून गळायला लागली. पितळ आतून खाल्लं गेलं होतं. भोकं बुजवून धरली होती ती त्या थरानंच.

मला रडू फुटलं. हे गुडघ्यांवर बसून एकेक धार मोजत होते. "जखम दिसली म्हणजे बरी होते," म्हणाले. "झाकलेलीच वाईट." आणि मग जोरानं हसले. "पण तुझा डोस मात्र जबरदस्त!"

गावातल्या मोटार दुरुस्तीवाल्यानं नवी जाळी मुंबईहून मागवावी लागेल, महिना-दीड महिना लागेल असं सांगितलं. तोवर फेऱ्या बंद ठेवणं यांना शक्य नव्हतं. मग मीच आमच्या बंबाची भोकं डाग देऊन बुजवणाऱ्या तांबटकाकांचं नाव काढलं. मोटारीला त्यांनी उभ्या जन्मात हात लावला नव्हता. जाळी काढून त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा त्यांनी ती हळदीकुंकवाच्या ताटासारखी दोन्ही हातांनी उचलली, पाण्याच्या टाकीत बुडवली, तिच्या एका तोंडातून फुंकर मारली आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहून खडूनं खुणा केल्या.

"नऊ नाहीत, अकरा आहेत," ते म्हणाले. "बाईसाहेब, चिंच घातल्यावर सोड्याच्या पाण्यानं धुतलं होतं का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग आंबट आतच राहिलं. ते धातू खाणारच. आणि डॉक्टर, पाणी रोज बदलू नका. एकदा उकळून निवालेलं पाणी भरा आणि तेच राहू द्या. जितकं नवं पाणी, तितका नवा गंज."

दिवसभर बसून त्यांनी अकराही ठिकाणी कथलाचे डाग दिले. पितळावर ते रुपेरी ठिपके असे दिसत की हे तिला देवी आलेली गाडी म्हणत. पण गाडी सुधारली ती सुधारलीच. मी घरी पाणी उकळून, गाळून, दोन डब्यांत भरून गाडीत ठेवत असे. पहिल्याच फेरीला हे पहूरला गेले आणि न थांबता गेले. संध्याकाळी परत आले ते नाचतच! वाटेत एक थेंब लागला नव्हता. आठ दिवसांत यांनी ही हकिगत भेटेल त्या मोटारवाल्याला सांगितली आणि तांबटकाकांच्या ओट्यावर भांड्यांच्या शेजारी जाळ्या रांगेत लागल्या.

महिन्याभरानं मीही यांच्याबरोबर पहूरला निघाले. गाडी मजेत चालली होती. नेरीच्या पुढे एका विहिरीजवळ एक म्हातारा भर रस्त्यात उभा राहिला आणि त्यानं काठी आडवी धरली. यांनी करकचून ब्रेक लावला.

"काय आबा, काय झालं?"

"काहो डाक्टरसाहेब," म्हातारा चांगलाच तापला होता, "गाडी सुधरली त आम्हाले इसरले काय?"

मी पाहिलं तर विहिरीच्या कट्ट्यावर पाच-सहा माणसं बसली होती. एका बाईच्या मांडीवर खोकणारं मूल होतं, एकाच्या पायाला फडकं बांधलेलं. तेव्हा मला यांनी कधी न सांगितलेली गोष्ट कळली. गाडी निवेपर्यंत हे त्या विहिरीवर बसून कुणाची नाडी बघत, कुणाला पुडी देत. तापलेली गाडी हमखास तिथे थांबते, हे आसपासच्या वाड्यांना ठाऊक झालं होतं. चालून पहूर न गाठू शकणारे फेरीच्या दिवशी विहिरीवर येऊन बसत. आणि गेला महिनाभर गाडी त्यांच्यासमोरून धुरळा उडवत निघून जात होती.

यांचा चेहरा एकदम उतरला. कारण सांगत बसले नाहीत. गाडी निंबाखाली घेतली, इंजिन बंद केलं, मागची पेटी काढली आणि म्हाताऱ्याला म्हणाले, "आबा, चुकलं माझं. आधी त्या मुलाला आणा."

मी मडगार्डवर फडकं अंथरून औषधाच्या बाटल्या मांडल्या आणि त्या माणसाच्या पायाचं फडकं सोडायला बसले.