खालच्या पायरीवरचे सर

"वर जा. आता उतर."

सर एवढंच म्हणायचे. दुर्गाघाटाच्या अगदी खालच्या कोरड्या पायरीवर, हातात चहाचा मातीचा कुल्हड घेऊन बसलेले. तलवारबाजी शिकणाऱ्या मुली एकेक करून उतरायच्या आणि सर तोंडाकडे न बघता पायांकडे बघायचे. "दुखतं का?" असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही.

"विचारून काय मिळणार? निवड जवळ आली की कुणाचंच काही दुखत नसतं."

कुणावरच विश्वास न ठेवणारा असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. मग अशा माणसावर आपण तरी का ठेवावा? मी ठेवला नाही.

माझी धाकटी बहीण मंदा त्यांच्याकडे शिकायची. लखनौच्या निवड चाचणीला तिचं जाणं पक्कं होतं. त्या सकाळी ती घाट उतरली आणि सरांनी मान हलवली.

"दर पायरीला उजवाच पाय आधी टाकतेस, डावा नुसता शेजारी आणतेस. दुखरा पाय असाच उतरतो. लंज मारताना, झेप घेऊन वार करताना, सगळा भार त्याच गुडघ्यावर येतो. या वेळी लखनौ नाही."

"सवय आहे ती, सर!"

"कालपर्यंत नव्हती."

मंदाच्या जागी क्लबच्या सचिवांची भाची गेली. सांगा, तुम्हाला शंका आली नसती?

आमच्या विद्यार्थी संघटनेत मी पत्रकं लिहायची. एक सरांवर लिहिलं: 'खेळाडूंची निवड मैदानात, की घाटाच्या पायऱ्यांवर?' सायक्लोस्टाइल केलं आणि संकठा घाटापर्यंतच्या गल्ल्यांत चिकटवलं. सरांनी ते माझ्यादेखत भिंतीवर वाचलं.

"जोरदार आहे. सरावाच्या हॉलच्या फरशीचं लिहायचं राहिलं."

विषय बदलतायत, मी मनात म्हटलं.

आणखी एक गोष्ट खटकायची. कुणीही यायच्या आधी सर त्या पायरीवर हजर. त्यांना येताना कुणी पाहिलंच नव्हतं. सचिव त्यांना तिथेच गाठत असणार, याची मला खात्री. म्हणून एकदा सगळ्यांच्या आधी जाऊन मी भिंतीच्या आडोशाला उभी राहिले.

सर एकटेच आले. डावा हात भिंतीला, अंग तिरकं. उजवा पाय खाली, मग डावा त्याच्या शेजारी. थांबले. पुन्हा उजवा. तोंड असं वेडंवाकडं, की मला लपून राहवेना.

"सर, दुखतं का?"

"छे! काही नाही." मग स्वतःलाच हसले. "बघ, मीसुद्धा तेच सांगतो."

बसल्यावर गुडघा चोळत म्हणाले, "मीही गुडघ्याला बांधलेला पट्टा लपवून खेळलो होतो. जिंकलो, आणि गुडघा गेला. सिमेंटवर लंज मारून मारून सांधा झिजतो गं. लाकडी फळ्या मागतो, तर सचिव म्हणतात, पोरी नाजूक आहेत."

घरी आल्यावर मंदाला जिना उतरायला लावला. मोजा खाली ओढला, तर गुडघ्यावर करकचून क्रेप बँडेज.

"ताई, सरांना सांगू नकोस गं."

जसं काही त्यांना माहीतच नव्हतं!

दुसरं पत्रक हॉलच्या फरशीबद्दल काढलं. मात्र भाचीबद्दलची शंका मी अजून मागे घेतलेली नाही. तिलाही घाट उतरायला लावलं होतं का, असं मी सरांना विचारलं होतं. ते कुल्हडात बघत राहिले.

मंदाने बरेच महिने विश्रांती घेतली, मांडीचे व्यायाम केले. आता ती पुन्हा खेळते, त्याच सिमेंटवर. सर मात्र नागपूरला मुलाकडे गेले. घाट उतरणं जमेना.

त्यांच्या पायरीवर सकाळी मी बसते. सचिव आंघोळीला येतात. "क्या बहनजी, नया पर्चा?" म्हणत डावा, उजवा, डावा, उजवा असे धडाधड उतरतात.

मी बघते. त्यांचे गुडघे अगदी ठणठणीत आहेत.