चार नंबर खाटेवरची शिलाई

कल्पना करा, तुम्ही अतिदक्षता विभागात एका खाटेपाशी उभे आहात. समोरच्या माणसाची रोजची दारू तीन दिवसांपूर्वी एकदम सुटली आहे. दर तासाला त्याला हात पुढे करायला सांगायचं, थरथर आणि घाम बघायचा, ‘काही भास होतात का?’ विचारायचं, प्रत्येकाला गुण द्यायचे आणि बेरजेप्रमाणे शांत करणारं औषध द्यायचं. कमी पडलं तर झटके येतात. जास्त झालं तर श्वास मंदावतो, मग घशात नळी घालून मशिनवर ठेवावं लागतं.

मोठ्या सिस्टर एकवीस वर्षं ही तारेवरची कसरत करताहेत. घरी नवरा नुसता शिंकला तरी ही मनातल्या मनात गुण देते, अशी त्याची तक्रार आहे.

त्या आठवड्यात चार नंबरला एक टेलर मास्तर होते. पडून मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. “दारू? थेंबाला शिवत नाहीत हे,” असं बायकोने छातीठोक सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी मास्तर घामाने निथळू लागले, तेव्हा ती दाराशी येऊन पुटपुटली, “सिस्टर, रोज घेतात हो. चारचौघांत कसं सांगू?”

“आत्ता सांगितलंत ना ताई, बास झालं.”

औषध लगेच सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या डॉक्टरांनी गुणांचा तक्ता भरला.

“मास्तर, काही भास होतात?”

“छे छे, साहेब.”

“भीती वाटते?”

“कशाची?”

बेरीज कमी आली. “नाडी जोरात आहे, ती पायाच्या दुखण्यामुळे असेल. डोस कमी करू या,” डॉक्टर म्हणाले.

सिस्टरांची नजर मात्र मास्तरांच्या बोटांवर होती. मास्तरांनी चिमूट ओठांशी नेऊन ओली केली, डोळा बारीक करून हवेत काहीतरी ओवलं. चादरीची कड दुमडली.

“कुणाचं शिवताय, मास्तर?”

“जावयाचा कोट. जरा लांब उभ्या राहा, टाचण्या लागतील.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. “हे तर मला ‘नाही’ म्हणाले!”

“खोटं नाही बोलले, डॉक्टर. त्यांना कोट खराच दिसतोय.”

तक्ता पुन्हा भरला, बेरीज दुपटीवर गेली. सिस्टरांनी मास्तरांचे हात खाटेला बांधू दिले नाहीत. शिवायला एक टॉवेल दिला. औषध थोडं थोडं देत त्या श्वास मोजत राहिल्या. दुपारपर्यंत नाडी खाली आली. संध्याकाळी मास्तर स्वतःच्या श्वासावर गाढ झोपले. नळीची ट्रॉली जागची हललीही नाही. बाहेर बाकावर बायकोचा जीव भांड्यात पडला.

दोन दिवसांनी मास्तर वॉर्डात निघाले. जाताना सिस्टरांच्या बाहीकडे बघून म्हणाले, “ही शिलाई कुणी घातलीय हो? निम्म्यात उसवेल.”

सिस्टर खळखळून हसल्या. चहा घेताना त्यांनी डॉक्टरांना विचारलं, “मास्तरांचा धंदा ठाऊक होता, म्हणून बोटं कळली. पण ज्याला कुणी ओळखतच नाही, त्याला दिसतंय तो भास आहे की नाही, हे त्याला विचारायचं तरी कसं?”