विमानाच्या पंखावरचे किडे

भाताची लोंबी भरू लागली की संध्याकाळी खाचरांवर बारीक किड्यांचे थवे उठतात. त्या दिवसांत विमान उतरले की पंखांची पुढची कड आणि समोरची काच चिरडलेल्या किड्यांनी भरून जाई. ओले असेपर्यंत ते सहज निघतात. एक दिवसाचे ऊन लागले की डिंकासारखे चिकटतात, आणि आणखी दोन दिवस तसेच राहिले तर खालचा रंग खातात. बी.ए.ला शिकलेले बरेचसे मी विसरलो. हे विसरता आले नाही.

कल्याणच्या पूर्वेला, मलंगगडाकडे जाणाऱ्या रस्त्याला, लढाईच्या काळात बांधलेली एक धावपट्टी होती. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी एक कारखानदार आपले लहान विमान तिथे ठेवू लागला. एक पत्र्याची शेड, एक मॅनेजर, एक मिस्त्री, एक पहारेकरी आणि कारकून म्हणून मी, एवढाच कारभार. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. हेडमास्तरांनी स्वतःची पुस्तके दिली, चार घरांनी वार लावून जेवू घातले, आणि वडिलांनी वीस वर्षे देवळातल्या समया, घंटा, ताम्हने घासली, म्हणून मी पदवीधर झालो. या सगळ्यांचे उपकार मी मानतो. वडिलांचे कसे फेडले, तेवढे सांगायचे आहे.

विमान पुसायला माणूस हवा होता. मी वडिलांना, म्हणजे आमच्या दादांना, तिथे लावून घेतले. पगार देवळापेक्षा बरा होता. त्यांची देवळातली जागा आठवड्याभरात दुसऱ्याला मिळाली.

मिस्त्रीने त्यांना पहिल्याच दिवशी रीत दाखवली. विमान उतरल्या उतरल्या किड्यांवर ओली फडकी पसरायची. एक पान चावून होईपर्यंत थांबायचे. मग हलक्या हाताने टिपून घ्यायचे, घासायचे नाही. दर वेळी फडक्याची नवी घडी. पाणी गाळून घ्यायचे, कारण वाळूचा एक कण रंगावर ओरखडा काढतो. फडकी मऊ हवीत म्हटल्यावर दादांनी आईचे जुने लुगडे आणले. आई जाऊन तीन वर्षे झाली होती. त्याचे तुकडे करून, घड्या घालून त्यांनी एका डब्यात ठेवले. मिस्त्रीने एक तुकडा गालाला लावून पाहिला आणि म्हणाला, “काका, असलं कापड साहेबाच्या विलायतेतपण मिळायचं नाही.” दादा दोन दिवस त्या खुशीत होते.

काय करायचे ते मिस्त्रीने सांगितले. का, ते सांगितले नाही. पंख पत्र्याचा नव्हता. आतल्या सांगाड्यावर कापड ताणलेले, कापडावर रुपेरी थर आणि वर पांढरा रंग. टिचकी मारली तर डब्यासारखा आवाज येई, त्यामुळे कोणीही फसले असते. हे मी विमानाच्या इंग्रजी पुस्तकात वाचले होते. दादांना ते सांगावे असे मला कधी वाटले नाही.

त्या वर्षी दसऱ्याच्या तीन दिवस आधी विमान कुठूनसे परत आले. दादा दोन दिवसांपासून तापाने घरी होते. मिस्त्री सणासाठी गावी निघाला होता. पिशवी खांद्याला लावूनच तो माझ्या टेबलाशी आला. “बीए, काका नाहीत तर निदान फडकी तरी भिजवून टाक पंखावर. पुसायचं आल्यावर बघू.” मी हो म्हणालो.

मी गेलो नाही. अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. बाहेर पहारेकरी बसला होता, आणि मॅनेजरसाहेबांच्या खिडकीतून शेड दिसे. पदवीधर माणूस बादली घेऊन किडे भिजवतो आहे, हे कोणी पाहू नये असे मला वाटले. महिनाअखेर माझी सहा महिन्यांची उमेदवारी संपणार होती, नोकरी पक्की व्हायची होती. उद्या करू म्हटले. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटले. ऑक्टोबरचे ऊन उघड्या शेडमध्ये दिवसभर आत येत होते.

खंडेनवमीला दादांचा ताप उतरला. उद्या मालक पाहुण्यांना घेऊन येणार आणि विमानाची पूजा होणार, म्हणून ते पहाटेच निघायचे म्हणत होते. जेवताना त्यांनी विचारले, “फडकी टाकली होतीस ना रे?” मी म्हणालो, “टाकली होती.”

दसऱ्याला मी पोचलो तेव्हा उजाडून तासभर झाला होता. दादा पंखाखाली उकिडवे बसून वर हात करून घासत होते. शेजारी चिंचेचा कोळ, चाळलेली राख आणि काथ्याची शेंडी. देवळात दसऱ्याला उपकरणी अशीच लख्ख करायची असतात. माझ्याकडे पाहून ते हसले. “भिजवून काही निघेना. मग थोडी राख लावली. बघ तर खरं, आत चांदीसारखं आहे. कोणी इतकी वर्षं घासलंच नाही याला.”

चार हात लांब पट्ट्यावरचा पांढरा रंग गेला होता. रुपेरी थर चमकत होता, आणि दोन ठिकाणी त्याच्याही खालून कापडाचे धागे वर आले होते. त्यांनी पंखाच्या टोकाला हळद-कुंकवाची बोटे ओढली होती, झेंडूची माळ बांधून ठेवली होती.

मी म्हणालो, “दादा, थांबा. ते कापड आहे.”

त्यांनी हात खाली घेतला. धाग्यांवर एकदाच बोट फिरवले. मग काथ्या बादलीत टाकला.

मालकांनी पूजा केली नाही, विमान उडाले नाही, पाहुणे आल्या मोटारीने परत गेले. मॅनेजरसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावले. ते वाईट माणूस नव्हते. किडे तीन दिवस वाळले कसे, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते; फडकी टाकायचे काम कोणाकडे होते? दादाच बोलले, “माझ्याकडे, साहेब. ताप होता, पण येऊन टाकायला हवी होती. मीच टाकली नाहीत.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना काही कळले असावे. ते म्हणाले, “तसं लिहून द्या.” तिथले इंग्रजी लिहिणे माझ्याकडेच होते. मी लिहिले. माझ्या शुद्ध, वळणदार अक्षरात लिहिले की या इसमाने हयगय केली असून तो आपली चूक कबूल करतो. वाचून दाखवू का, असे दादांना विचारले. ते म्हणाले, “कशाला? तू लिहिलंस ना.” त्यांनी अंगठा उठवला आणि शाई धोतराला पुसली.

आम्ही पायी परत निघालो. मी दोनदा बोलायला सुरुवात केली. दुसऱ्यांदा त्यांनी मला मध्येच थांबवले.

“डबा उघडला तेव्हाच कळलं होतं मला,” ते म्हणाले. “घड्या माझ्याच होत्या. एकही मोडलेली नव्हती.”



संध्याकाळी त्यांनी पाट मांडला. आमच्याकडे दसऱ्याला काथ्या, चिंचेचे भांडे आणि झारी पुजायची पद्धत होती. त्या वर्षी त्यांनी ते काही काढले नाही. माझ्या खिशातून फाऊंटन पेन मागून घेतले, पाटावर ठेवले, त्याला हळद-कुंकू वाहिले आणि माझ्या हातावर आपट्याचे पान ठेवले. पूर्वी सोने दिल्यावर ते माझ्या डोक्यावरून हात फिरवत. त्या दिवशी त्यांनी हात मागे घेतला.

महिनाअखेर माझी नोकरी पक्की झाली. देवळात आता त्यांना जागा नव्हती. ते घरीच बसून राहत, आणि चार वर्षांनी गेले. तोवर त्या गोष्टीचा उच्चार त्यांनी केला नाही आणि मी करू शकलो नाही.

पुसायला दुसरा माणूस नेमलाच नाही. विमान उतरले की मी शर्टाच्या बाह्या दुमडून, पाणी गाळून, तो डबा घेऊन जाई. पहारेकरी बघे, साहेब बघत. कोणाला त्याचे काही वाटत नव्हते. सुरुवातीलाही वाटले नसते.