डागाखालचं अक्षर

नव्या इमारतींतल्या फरश्या, ओटे, खिडक्यांच्या काचा यांवर सांडून दगड झालेला रेझिनचा गोंद काढणं, हेच काम त्यांनी तीस वर्षं केलं. कामावरचे लोक त्यांना डागमास्तर म्हणत. गरम हवा किती वेळ मारायची, गोंद रबरासारखा कधी होतो, पट्टी कुठून सरकवायची, हे त्यांना डोळे मिटूनही जमायचं. घरातला एक डाग मात्र सोळा वर्षं तसाच राहिला.

तो बायकोच्या शिलाई मशीनच्या फळीवर होता. लेकीचं तुटलेलं खेळणं चिकटवताना त्यांच्याच हातून गोंद सांडला. ओला होता तोवर फडक्याच्या एका फटकाऱ्यात निघाला असता.

"अहो, एवढं पुसून घ्या," ती म्हणाली होती.

"उद्या बघतो."

मग कापड त्या टेंगळाला अडकलं की ती ऐकवायची, "जगाचे डाग काढतात, आणि घरी आले की हाताला मेंदी लागते!" ते हसून पेपर उघडायचे. गेल्या वर्षी ती गेली, आणि ऐकवणारं कुणी उरलं नाही.

परवा लेक मशीन न्यायला आली. पिवळट गोंदाआड निळ्या रेघा पुसट दिसत होत्या.

"बाबा, आई माझ्या फ्रॉकची मापं पेनानं फळीवरच लिहायची ना? बाकी सगळी घासून गेली, एवढीच उरलीत. जपून काढा हं."

"आता तू शिकव मला!"

त्यांनी खरंच जपून काढलं. गरम हवा लांबून धरली. खरवडायच्या लोखंडी पत्र्याला हात लावला नाही, प्लास्टिकची पट्टीच कडेनं सरकवत नेली. टेंगूळ खपलीसारखं अख्खं सुटलं. खाली बायकोचं तिरकं अक्षर: छाती बावीस, लांबी...

गोंद निघाला की लगेच थिनरच्या फडक्यानं जागा पुसायची, हा तीस वर्षांचा शिरस्ता. डोळे अक्षरावर होते, हात आपल्या सवयीनं गेला. एकच फेर. पॉलिश गेलं, शाई गेली, पांढुरका पट्टा तेवढा राहिला.

"निघाला?" लेक आतून आली.

"निघाला." पण ते फळीसमोरून हलेनात. तिनंच वाकून पाहिलं.

"आणि मापं?"

"छाती बावीस होती. पुढचं वाचणार, तेवढ्यात हात फिरला गं."

ती पट्ट्यावरून बोट फिरवत राहिली.

"तुझा एखादा जुना फ्रॉक असेल कपाटात," ते घाईघाईनं म्हणाले, "त्यावरून मापं काढता येतील."

"मापं घेऊन काय करू, बाबा? तिचं अक्षर हवं होतं."

त्यांनी फडकं उलगडून पाहिलं. निळसर ओल होती, वाचण्याजोगं काही नव्हतं. लेकीनं मशीनवर चादर टाकली आणि टेम्पो आलाय का ते बघायला ती खाली गेली.