पंपाला हात लावू नको

मी मेकॅनिक आहे. गाडीत भूत असतं ते वायरिंगमध्ये, आणि मल्टिमीटर लावला की सापडतं, हे मी वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलोय. बोनेटला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना मी तोंडावर हसतो. त्यामुळे हे लिहायला जरा लाजच वाटतेय... पण गॅरेजात सांगून सांगून या गोष्टीला फाटे फुटायला लागलेत, म्हणून एकदा जसं घडलं तसं लिहून टाकतो.

माझं गॅरेज घाटंजीत, पांढरकवडा रोडला. मागच्या उन्हाळ्यात एका बुधवारी दुपारी लक्ष्मणभाऊ त्यांची डिझेल जीप घेऊन आले. वीस-बावीस वर्षांची गाडी, सेकंडहँड घेऊन पांढरी रंगवलेली. बाजाराच्या दिवशी ते तीत सवाऱ्या भरतात आणि आठवड्यातून दोनदा बायकोला, सुमनताईंना, डायलिसिससाठी यवतमाळला नेतात. त्यांच्या गावाहून तेवढ्या सकाळी एसटी नाही.

"रफिकभाऊ, गाडी उचलतच नाही. अॅक्सिलरेटर दाबला का गुदमरते," ते म्हणाले. "उद्या नऊ वाजता डायलिसिसची पाळी हाय हिची. मांगची पाळी चुकली तं रातभर दम लागून राह्यला होता तिले."

"होऊन जाईल," मी म्हणालो. हे मी सगळ्यांनाच म्हणतो.

आयडलला इंजिन चालायचं, पण थरथरत. रेस दिली की आवाज बसायचा. धूर काळा नाही, म्हणजे डिझेलच पुरेसं येत नाही. फिल्टर बदलला, हवा काढली, फीड पंप खोलून पाहिला. टाकीच्या तोंडातून टॉर्च मारला, आत स्वच्छ. पाइपात हवा मारली तर गाडी एकदम झकास! मी खूश. लक्ष्मणभाऊंना बाजूला बसवून ट्रायलला निघालो आणि चौथ्या किलोमीटरला पुन्हा तेच रडगाणं. वाचणारे मेकॅनिक म्हणतील, अरे, टाकी सोडून डिझेलचा बाहेरचा डबा लावून पाहायचं होतं, दोष टाकीत की पुढे ते लगेच कळलं असतं. बरोबर आहे. नाही सुचलं.

तीन वाजता मी ठरवलं, इंजिनात डिझेल मारणारा मोठा पंपच गेला. तो उतरवून नागपूरला टेस्टिंगला पाठवायचा, म्हणजे तीन दिवस. किरायाची गाडी विचारली तर लग्नसराई, एक रिकामी नाही. लक्ष्मणभाऊंनी घरी फोन लावला आणि "आज पाणी कमी पेजो," एवढंच सुमनताईंना म्हणाले. डायलिसिस चुकलं की पाणी अंगात साठून दम लागतो; मला ते बोलणं ऐकवलं नाही.

मग मी माझ्या उस्तादांना फोन केला. गुलाबराव मिस्त्री, यवतमाळजवळ लोहाऱ्याला राहतात. धंदा मी त्यांच्याकडेच शिकलो. पण पुढे मी वेगळं गॅरेज टाकलं, त्यांची दोन चांगली गिऱ्हाइकं माझ्यामागे आली, आणि मला त्यांच्या दारात जायला तोंड उरलं नाही. सहा वर्षं बोलणं नव्हतं. आमच्या धंद्यात अडलं की दूरच्या मिस्त्रीला फोनवरून इंजिन ऐकवतात, त्यात नवल काही नाही. नवल एवढंच, की मी त्यांना फोन लावला.

फोन उचलला गेला. "मिस्त्री, रफिक बोलतो." उत्तर नाही. वाटलं, राग आहे अजून. तरी फोन स्पीकरवर टाकून मडगार्डवर ठेवला आणि लक्ष्मणभाऊंना रेस द्यायला सांगितलं. दोनदा. मग फोनमधून मिस्त्रींचाच घोगरा आवाज आला—

"पंपाले हात लावू नको. टाकी उतरव. आडव्या पट्टीच्या मांगं चिंधी हाय."

"तुम्हाला कसं कळलं, मिस्त्री?"

तोवर फोन बंद.

टाकी उतरवली. डिझेल हिंदकळू नये म्हणून आत एक आडवी पट्टी असते. तिच्या मागे तार फिरवली तर वीतभर लुंगीचा तुकडा निघाला, काळाकुट्ट. इंजिनाने जोर मागितला की तो नळीच्या तोंडाला चिकटायचा, हवा मारली की सुटायचा. सहा वाजता जीप चढ चढून आली, कुरकुर नाही. दुसऱ्या दिवशी साडेआठलाच लक्ष्मणभाऊंचा फोन, "पोचलो." इथपर्यंत अमानवी काहीच नाही. उस्ताद तो उस्तादच, असं धरून मी चाललो होतो.

रविवारी पेढे घेऊन लोहाऱ्याला गेलो. दार मिस्त्रींच्या सुनेने उघडलं. मी तिला फोनचं सांगितलं.

"बाबांसंग बोलले? त्यायले ऐकू कुठं येते भाऊ? दोन वर्षं झाले, दोन्ही कान गेले. फोन नुसता पडून राह्यते टीव्हीपाशी."

आत मिस्त्री खाटेवर बसले होते. "काहून आला रे रफिक्या?" तोच आवाज. उशाशी वही होती, घरचे तिच्यात लिहूनच त्यांच्याशी बोलतात. मी लिहिलं, एका जीपच्या टाकीत चिंधी निघाली.

त्यांनी ते खूप वेळ वाचलं. "निळी जीप? ठेकेदाराची?"

मी मान डोलावली. जीपच्या दारांना आतून जुना निळा रंग होता, तो मी पाहिला होता.

"टाकी साफ करतानी तोंडाले चिंधी खोसली होती मी. आत गेली. लई तार घातली, निघाली नाही. तो माणूस घाई करून राह्यला होता... देऊन टाकली गाडी. सांगतलं नाही कोनाले."

मी लिहिलं, बुधवारी तुम्हीच फोनवर मला हे सांगितलं. ते हसले. "मले तं आभाळ गरजलेलं ऐकू येत नाही, बाप्पा."

माझ्या मोबाइलमध्ये तो कॉल आहे, चार मिनिटांचा. आवाज लक्ष्मणभाऊंनीही ऐकलाय. सून म्हणते, त्या दुपारी घरात ती आणि बाबा दोघंच होते, आणि बाबा झोपले होते. एखाद्या बहिऱ्या माणसाने चुकून फोन उचलला, मनात जुनं काही सलत होतं ते बडबडला, असंही समजू. पण नेमकं त्याच गाडीला? आणि पंप उतरवायचं तर मी फोनवर बोललोच नव्हतो. खूप डोकं लावलं. फॉल्ट सापडला नाही.

निघताना मिस्त्रींनी माझा हात धरला. "सांग ना. माह्या चिंधीपायी कोनी अडकलं काय रस्त्यात?"

मी लिहिलं, नाही. एक आजारी बाई वेळेवर दवाखान्यात पोचली.

"नाव काय तिचं?"

खाली लिहिलं, सुमन. मिस्त्रींनी ते पान फाडलं, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि डोळे पुसले.

"तब्येत विचारली म्हणून सांगजो तिले," म्हणाले.