शंख वाजवून सांगितलेली ऊर्जा

चहा समोर घेऊन नुसती वाफ बघत बसले होते. हल्ली घरात बघायला दुसरं असतं तरी काय! मागच्या आठवड्यात शेजारच्या मालतीबाईंनी मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. आधी शंख, मग जांभळे तारे आणि एक घुमणारा आवाज: "ऊर्जा कधीच मरत नाही. गेलेलं माणूस तुमच्याजवळच आहे." अहो, अंगावर काटाच आला. हे गेल्यापासून माझ्याशी इतकं जवळचं कुणी बोललंच नव्हतं.

माझी नात कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तिला फोन लावून विचारलं, "खरं का गं हे?"

"ऊर्जा मरत नाही हे खरं, आजी. पण तुझा चहा निवला की त्याची ऊब खोलीभर पसरते. ती पुन्हा कपात येत नाही."

"म्हणजे आजोबा..."

"नाहीत गं. रडतेस?"

"छे, वाफ गेली डोळ्यात."

शंख वाजला नसता तर मी विचारलंच नसतं, हेही खरं. पण त्यानं समजावलं काहीच नाही, नुसतं वाट बघायला बसवलं. नातीच्या साध्या बोलण्यानं घर आणखी रिकामं झालं, पण निदान माझं झालं.

आठवडाभर दार नुसतं लोटून ठेवत होते. आज उठून कडी लावली.